चेक डाइव्हची तयारी दादरला

मालदीवला पहिल्यांदा गेले तेव्हा पाच रात्रींच्या सुट्टीत माझ्या वाट्याला समुद्राखालच्या जेमतेम दोन खऱ्या स्कूबा डाइव्ह आल्या, आणि त्याला समुद्र, हवा किंवा तिथली माणसे यांपैकी कोणीही जबाबदार नव्हते. जबाबदार होती एका छापील अर्जावरची एक चौकट, जी मी बेटावर पोहोचल्यावर पहिल्यांदा वाचली.

तिथले कोणतेही डाइव्ह सेंटर नव्या पाहुण्याला थेट बोटीवर घेत नाही. आधी कागदपत्रे, मग त्या भागातले प्रवाह आणि नियम यांची माहिती, मग उथळ पाण्यात एक चेक डाइव्ह, म्हणजे तुम्हाला काय जमते ते पाहणारी चाचणी, आणि ती पार पडली की पुढचे सगळे, असा हा क्रम असतो. त्यातल्या वैद्यकीय प्रश्नावलीत 'माझे वय 45 पेक्षा जास्त आहे' असे एक वाक्य आहे. त्यावर 'हो' अशी खूण केली की पुढचे प्रश्न उघडतात: धूम्रपान करता का, कोलेस्टेरॉल वाढलेले आहे का, रक्तदाब आहे का, जवळच्या नात्यात कोणाला लवकर हृदयविकार झाला होता का. यांतल्या एकालाही 'हो' म्हटले की डॉक्टरांची सही लागते. माझे वय तेव्हा 47 होते आणि रक्तदाबाची एक गोळी मी रोज घेत होते. आम्ही पोहोचलो गुरुवारी संध्याकाळी. मालदीवमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, आणि बेटावरच्या दवाखान्यात त्या दोन दिवसांत फक्त तातडीचे रुग्ण पाहत होते. माझी सही काही तातडीची नव्हती. ती रविवारी सकाळी मिळाली, दुपारी ओरिएंटेशन (ती माहिती आणि चेक डाइव्ह) झाले, सोमवारी दोन डाइव्ह झाल्या आणि मंगळवारी सकाळी दहाचे विमान असल्यामुळे सोमवारी दुपारी चारनंतर पाण्यात जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सलग डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जावे लागतात. माझी नणंद, जी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे आणि जिच्या अर्जावर सगळीकडे 'नाही' होते, ती मात्र त्या दोन दिवसांत चार वेळा जाऊन आली आणि दर वेळी परतल्यावर मला कासवांची वर्णने ऐकवत राहिली.

दुसऱ्या वेळी, मागच्या फेब्रुवारीत, जे मुंबईत होण्यासारखे आहे ते मुंबईतच करायचे असे आम्ही ठरवले. तीन आठवडे आधी सेंटरला ईमेल पाठवून सगळे अर्ज मागवून घेतले. वैद्यकीय अर्जाची प्रत घेऊन दादरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि "वहिनी, हे मी कसे लिहून देणार? मी आयुष्यात समुद्राखाली गेलेलो नाही," असे म्हणून अर्ज परत करू लागले. पण त्या अर्जासोबत डॉक्टरांसाठी वेगळी मार्गदर्शक पाने असतात, ज्यांत कोणत्या आजारात काय तपासावे आणि कोणत्या स्थितीत परवानगी देऊ नये हे लिहिलेले असते. ती पाने मी छापून नेली होती. त्यांनी ती शांतपणे वाचली, ईसीजी काढायला सांगितला, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब मोजला आणि मगच सही केली. अर्जावर खोटे 'नाही' लिहिणे सोपे असते आणि तसा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला होता. तो मी मानला नाही, कारण 18 मीटरवर काही बिनसले तर तिथे माझ्याजवळ असणाऱ्या माणसाला माझी खरी प्रकृती ठाऊक असणे त्याच्याइतकेच माझ्याही फायद्याचे आहे.

दुसरी अडचण रिफ्रेशरची, म्हणजे शिकलेल्याच्या उजळणीची, होती. शेवटच्या डाइव्हला वर्ष उलटले असेल तर बहुतेक ठिकाणी ओरिएंटेशनच्या जोडीला रिफ्रेशरही करायला सांगतात, म्हणजे आणखी अर्धा दिवस आणि वेगळे शुल्क. ते आम्ही मुंबईतल्या एका प्रशिक्षकाकडे, जलतरण तलावात, रविवारच्या एका सकाळी उरकले आणि लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, त्यांची सही व शिक्का घेतला. मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने फुंकून बाहेर काढणे, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारा भाग, सोडून पुन्हा शोधणे, बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, जादा रेग्युलेटरमधून श्वास घेणे, हातपाय न हलवता एका जागी तरंगणे, हे सगळे पुन्हा केले. मला सर्वांत जास्त त्रास मास्कने दिला. पाणी नाकापर्यंत आले की घशाशी काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि मन वर पळू लागते. त्याच्यावर उपाय म्हणून मी पुढचे दोन आठवडे घरी बादलीत तोंड बुडवून, नाक मोकळे ठेवून, स्नॉर्केलने तोंडाने श्वास घेत बसत असे. सासूबाईंनी एकदा बाथरूमच्या दारातून पाहिले आणि काही न बोलता दार लोटून घेतले.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकोनचा थर असतो आणि तो न काढल्यास पाण्यात दर मिनिटाला धुके धरते. तो टूथपेस्टने घासून काढण्याचे कामही घरीच झाले. एसएमबी, म्हणजे वर येण्याआधी पृष्ठभागावर सोडायचा तो नारिंगी फुगा, तलावात दोनदा फुगवून पाहिला; मालदीवमध्ये बेटांमधल्या खोल खाड्यांतून, ज्यांना तिथे कंडू म्हणतात, प्रवाह जोरात वाहतो आणि वरून स्पीडबोटी जात असतात, त्यामुळे तो फुगा वापरता येतो की नाही हे तिथे पाहिले जातेच.

ईमेलमध्ये आम्ही आणखी एक विनंती केली होती, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ तिनेच वाचवला: पोहोचू त्याच संध्याकाळी ओरिएंटेशनचा कोरडा भाग घ्यावा. शनिवारी सकाळी मुंबईहून निघालो, माले विमानतळावरून स्पीडबोटीने दुपारी बेटावर पोहोचलो आणि पाच वाजता सेंटरच्या ओट्यावर बसलो. घड्याळ तिथे भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे, तो अर्धा तासही कामी आला. कागद आधीच तपासून झालेले होते. तरुण प्रशिक्षकाने फळ्यावर रीफचा, म्हणजे प्रवाळखडकांचा, आराखडा काढला, प्रवाह कुठून कुठे वाहतो ते दाखवले आणि नियम सांगितले: 30 मीटरच्या खाली कोणीही जायचे नाही, प्रवाळाला हात लावायचा नाही, बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचे आणि मग सावकाश वर यायचे, वर आल्यावर सिलिंडरमध्ये 50 बार दाबाची हवा उरलीच पाहिजे. मग बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळायचे जाकीट, आणि सूट अंगाला लावून पाहिले, आमची नावे टोपल्यांवर लिहिली आणि चाळीस मिनिटांत सगळे संपले.

घाई फक्त एकाच ठिकाणी नडली, आणि ती चूक माझी होती. रविवारी सकाळी आठला चेक डाइव्हसाठी उतरलो. पाण्याखाली राहता यावे म्हणून पट्ट्यात वजने घालतात, आणि तलावात मला 3 किलो पुरले होते. पण खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगते, अंगावरच्या सगळ्या साहित्यासह माझ्याएवढ्या माणसाला त्यासाठीच सुमारे 2 किलो जादा लागतात, आणि वर 3 मिलिमीटरचा सूट. प्रशिक्षकाने पट्ट्यात वजने घालत 5 किलोपर्यंत नेले. बीसीडी रिकामे करून, अर्धा श्वास रोखून उभी राहिले तेव्हा पाणी बरोबर डोळ्यांच्या रेषेत आले. तो आणखी एक घालू लागला तेव्हा मी "पुरे" असा हात केला, कारण साडेनऊची बोट माझ्या डोक्यात होती. तो हसला, ते वजन त्याने स्वतःच्या खिशात टाकले आणि आम्ही खाली गेलो. मास्क, रेग्युलेटर, तरंगणे, सगळे सुरळीत झाले. परतताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे होते आणि तिथे मी थांबेचना. सिलिंडर ॲल्युमिनियमचा होता, त्यातली हवा बरीचशी संपली होती, आणि सुरुवातीला भरलेली हवा वजनाने अडीच किलोच्या आसपास असते हे मला पुस्तकातून माहीत असूनही ध्यानात आले नव्हते. डाइव्ह कॉम्प्युटरवर खोलीचा आकडा 4.6, मग 4.1, मग 3.5 असा घसरत होता. मी डोके खाली करून पाय मारत होते आणि तरी वर जात होते. त्याने माझा पट्टा धरून मला खाली ओढले, खिशातले वजन काढले, ते माझ्या बीसीडीच्या खिशात सरकवले आणि बोटांनी वर्तुळ करून 'ठीक?' असे विचारले. त्यानंतर मी दगडासारखी नव्हे, पण निमूट एका जागी राहिले.

वर आल्यावर 50 बार शिल्लक असताना त्याने पुन्हा एकदा तपासून घेतले आणि 6 किलो कायम केले. हा भाग ना मुंबईत करता येतो ना ईमेलवर, आणि तिथे वाचवलेली दहा मिनिटे पुढच्या प्रत्येक डाइव्हला महागात पडली असती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी ओल्या हातांनी लॉगबुक उघडले आणि मागच्या सहलीच्या पानांवर जे कुठेच लिहिलेले नव्हते ते लिहिले: खारे पाणी, 3 मिलिमीटर सूट, ॲल्युमिनियम सिलिंडर, 6 किलो. "वहिनी, टोपल्या बोटीवर चढवतायत," असे नणंदेने जेट्टीवरून ओरडून सांगितले तेव्हा शाई वाळायची होती.