तोरणमाळचा माळ आणि रोशाचा वास

आज दिवसभर एकटीने चालले. शहाद्याहून सकाळची पहिली एसटी पकडली. शेजारच्या आजींनी पाठीवरची सॅक बघून विचारलंच, "एकलीच जाई ऱ्हायनी का माय?" हो म्हटल्यावर काही बोलल्या नाहीत. पिशवीतून दोन सीताफळं काढून माझ्या हातावर ठेवली आणि राणीपूरला उतरून गेल्या.

राणीपूरच्या अलीकडे कापूस, पपई, केळी. काळापाणी मागे पडलं की घाट, आणि घाट संपला की हवाच बदलते. सातपुड्यातलं तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर आहे. ऑक्टोबरमध्ये खाली शहाद्यात उन्हाचा चटका बसत होता, इथे यशवंत तलावाच्या काठावर स्वेटर काढावासा वाटेना. जिथे रात्री मुक्काम आहे तिथल्या ताईंना कुठल्या बाजूला जाते आणि किती वाजेपर्यंत परतेन ते सांगितलं, तीन लिटर पाणी भरलं आणि निघाले. एकटं जायचं तर हे सांगून जाणं मी कधी टाळत नाही.

सीताखाईजवळ फोटो काढणारी गर्दी होती. तिथून पुढे माळावर वळले तेव्हा एक जण म्हणाला, "तिकडे काहीच नाही, नुसतं गवत आहे." या 'नुसतं'चा मला फार राग येतो. उत्तराखंडातले बुग्याल, म्हणजे उंचावरची कुरणं, बघायला आपण हजारो रुपये खर्चून जातो. तिथे तीन हजार मीटरच्या वर थंडीच इतकी की झाडं उभी राहू शकत नाहीत, म्हणून गवताचं राज्य. इथे झाडांना थांबवणारी तशी उंचीची रेषा नाही. काळ्या खडकावर मातीचा पातळ थर, वर गुरांची चराई आणि उन्हाळ्यातले वणवे, म्हणून माळ मोकळा राहिलाय. त्यामुळे इथे गवत आणि जंगल एकमेकांत शिरलेले असतात: कमरेएवढ्या कुसळीतून चालता चालता दहा पावलांवर साग, सालई, धावडा सुरू होतो, आणि तो ओलांडला की पुन्हा उघडा माळ. अशा माळावर खड्डे खणून रोपं लावायचा उत्साह बघितला की जीव कासावीस होतो. माळ रिकामा नसतो. चंडोलाला विचारा.

आणि मग उतारावर रोशा हे सुगंधी गवत भेटलं. आधी वास आला, गुलाबासारखा पण त्याहून तिखट, आणि मग दिसले ते लालसर तुरे. पान चुरगळून बोटं नाकाशी धरून मी बराच वेळ तिथेच बसले. या गवताचं तेल खानदेशातून जगभर जायचं. फुलोऱ्यावर आलेलं गवत कापायचं, ओढ्याकाठी भट्टी लावायची, कढईत गवत आणि पाणी उकळायचं, आणि वाफ नळीवाटे वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. ओढा हवा तो वाफ थंड करायला. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात पोचायचं आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. दोन्हींत जिरॅनिऑल हे एकच सुवासिक द्रव्य असतं, म्हणून भेसळ सहज खपायची. कुण्या बेगमेच्या रुमालाला सातपुड्याचा वास येत असेल, आणि तिला आपल्या डोंगराचं नावही माहीत नसेल!

गवत कापत असलेल्या एका पावरा बाबांना विचारलं, ढोरं हे खातात का. "कोवळं असलं तर खातात, बाई. तुरा आला की तोंड फिरवतात." ते छपरासाठी कापत होते. माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा त्यांना दिला, त्यांनी ओढ्याचं कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही ते हात करून दाखवलं.

जंगलात उतरले ती रानपिंगळ्याच्या, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाच्या, आशेने. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला दिसलाच नव्हता. मधल्या काळात एका ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहातला १९१४ चा मृत पक्ष्याचा नमुना आपणच मिळवला म्हणून सांगितलं, तो चोरीचा निघाला. हे उघडकीला आणणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनीच बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सागाच्या जंगलात, भर दिवसा, तो शोधून काढला. शहाद्याजवळ! आमच्या मावशीच्या गावापासून एसटीच्या अंतरावर.

दुपारी एका वाळक्या फांदीवर घुबड बसलेलं दिसलं. दुर्बिणीतून डोकं नीट बघितलं: नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या माथ्यावर जवळजवळ नव्हतेच. शेपटी झटकत होता, शेपटीवर रुंद पट्टे. मी जागची हलले नाही. तो सरड्यावर झेपावून पानांआड गेला, तेव्हा कुठे श्वास सोडला.

परत येताना मुद्दाम जास्त रेंगाळले आणि तरीही उजेड असताना तलावाशी पोचले. ताईंनी ज्वारीची भाकरी आणि मिरच्यांचं झणझणीत पिठलं वाढलं. त्यांना रानपिंगळ्याबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, मुलांना सांगा, ती रोज जंगलातून शाळेत जातात. उद्या सकाळी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जाणार आहे, दुर्बीण घेऊन.