चित्रं खरंच तीच काढते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: हो, माझी मुलगीच काढते. दोन वर्षं हेच सांगतोय आणि दर वेळी समोरच्याची नजर माझ्या नखांकडे जाते. रंग असतोच त्यांत. कॅनव्हासला जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या लेपाचे, हात मी देतो, ट्यूबची घट्ट झाकणं मी उघडतो. सहा वर्षांच्या मुलीनं तेही एकटीनं करायचं का?

लोक मार्ला ओल्मस्टेडचं उदाहरण देतात. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनची, चित्रांमुळे गाजलेली चार वर्षांची मुलगी. फेब्रुवारी २००५मध्ये सीबीएस वाहिनीनं तिच्या घरात लपवलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण दाखवलं, चित्रं एकटी तीच काढते का अशी शंका मानसशास्त्रज्ञ एलेन विनर यांनी घेतली, आणि संशय बापावर गेला. पुढे आईवडिलांनी ती रंगवत असतानाचं चित्रीकरण दिलं, तरी तो फिटला नाही. ती बातमी वाचून मीही बोललो होतो, “बापाचेच उद्योग!” तेव्हा मला मूल नव्हतं.

आमच्याकडेही एकदा कॅमेरा आला. ती जमिनीवर बसून रंगवत होती. निळ्यावर पिवळा ओढला, बोटानं पसरवला, मधली जागा कोरी ठेवली. चित्र असं काही जमून आलं की मी बघतच राहिलो. मग तिनं तपकिरी ट्यूब उचलली. शेवटी तिला सगळं झाकायचं असतं. मी नेहमीसारखा पुढे झालो आणि कॅनव्हास उचलून घेतला. “झालं हं बाळा, सुंदर झालं.”

“नाही झालं बाबा,” ती म्हणाली. “रात्र राहिली.”

ट्यूब तिच्या हातात तशीच होती. कॅमेरा चालू होता. कुणी काही बोललं नाही.

रंगांचा चिखल व्हायच्या आत कागद काढून घेणं चित्रकलेच्या बाईसुद्धा करतात. मोठे चित्रकारही मित्राला विचारतात, थांबू का आता? फक्त त्यांना मित्राचं न ऐकण्याची मुभा असते. एकही फटकारा माझा नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण भिंतीवर तिची एकोणीस चित्रं आहेत आणि एकातही रात्र नाही.

मग ती कुणाची? मी रोज वेगळं उत्तर देतो स्वतःला.

परवा मी दाराबाहेर बसून राहिलो. तिनं अख्खा कॅनव्हास तपकिरी केला आणि न सांगता कोपऱ्यात नाव लिहिलं. ते चित्र पाहून कुणी काढलं असं तुम्ही विचारणार नाही. भिंतीवर मात्र मी ते अजून लावलेलं नाही.