लौंग शेव अमेरिकेला पाठवायची, तर खासदारांकडे काय मागावं?

इंदूरच्या छोट्या फरसाणवाल्याला निर्यातीचं मनावर घ्यायचं झालं, की बऱ्याचदा पहिली फेरी खासदारांच्या कार्यालयात होते, शिफारसपत्रासाठी. पत्र मिळतंही. पण अमेरिकेच्या बंदरात खोकं अडतं ते पाकिटावरच्या मजकुरामुळे, आणि तिथे पत्राचा काडीचाही उपयोग नाही.

हिंगाचंच घ्या. आपण वापरतो तो डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा मैदा असतो. घटकांत बेसन, तेल, लवंग, हिंग एवढंच छापलं तर गहू लपला. अमेरिकेत ज्या नऊ अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची नावं छापावीच लागतात, त्यात गहू आहे, शेंगदाणा आहे. तीळ नववा: तिथल्या संसदेने २०२१ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरत असाल तर तेही सांगावं लागतं. रिफाइंडला सूट आहे, घाण्याच्या तेलाला नाही. म्हणून आधी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, मग लेबल छापायला द्या.

दुसरी अडचण रंगाची. टारट्राझिन हा पिवळा खाद्यरंग तिथे चालतो, पण एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, तपासून प्रमाणित केलेल्या बॅचचाच. इथल्या बाजारातली पुडी चालत नाही. हळद वापरा, मात्र तिच्यात शिसं नाही ना, याची तपासणी करून घ्या. वजन औंस आणि ग्रॅम दोन्हींत हवं, पाकिटाच्या दर्शनी बाजूच्या खालच्या तीस टक्के भागात.

कागदपत्रं त्या मानाने सोपी. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड, त्याची फी ५०० रुपये, आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती ताजी करायची, नाहीतर कोड बंद पडतो. जीएसटी न भरता माल पाठवायला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नवीन. एफडीएची नोंदणी फुकट आहे, पण अमेरिकेतला एजंट नेमावा लागतो, आणि सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नूतनीकरण करावं लागतं. माल येत असल्याची पूर्वसूचना एफडीएला द्यायची: समुद्रमार्गे माल पोचण्याच्या किमान आठ तास आधी, विमानाने चार तास आधी.

८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे, तेव्हा जुन्या हिशेबावर भाव सांगू नका.

आता खासदारांकडे काय मागायचं ते. प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली निर्यात प्रोत्साहन समिती असते. तिच्यामार्फत एक दिवसाचं शिबिर मागा: लेबल तपासणारा जाणकार, डाकघर निर्यात केंद्राचा (पोस्टातून माल परदेशी पाठवायची सोय) माणूस आणि बँकेचा अधिकारी, तिघं एकाच टेबलाशी. लेबलचा कच्चा नमुना, हिंगाची डबी आणि तेलाचा डबा सोबत न्या. तपासणीच्या खर्चात छोट्या कारखानदारांना सवलत हवी असेल, तर खासदारांनी लोकसभेत प्रश्न विचारावा. त्याची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख लागली की लगेच मसुदा लिहून द्या, आकड्यांसकट: किती कारखाने, एका तपासणीला किती खर्च, मागच्या वर्षी किती खोकी परत आली.