निळ्या ओएलईडीसाठी होस्ट रेणू घडवताना : माझा अनुभव

पीएच.डी.साठी मी निळ्या फॉस्फरसंट ओएलईडीचा (सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांतून विजेने प्रकाश देणाऱ्या डायोडचा) होस्ट, म्हणजे प्रकाश देणारा उत्सर्जक ज्यात विखुरलेला असतो तो पदार्थ, हा विषय घेतला, तेव्हा पहिली अट सरळ होती : होस्टची ट्रिपलेट ऊर्जा (ट्रिपलेट म्हणजे रेणूची ती उत्तेजित अवस्था, जिच्यातून फॉस्फरसंट उत्सर्जक प्रकाश देतो) उत्सर्जकापेक्षा जास्त हवी, नाहीतर ऊर्जा होस्टकडे परतते आणि प्रकाश घटतो. सीबीपी या प्रचलित होस्टची सुमारे 2.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा हिरव्याला पुरते, निळ्याला नाही. एमसीपी हा दुसरा होस्ट 2.9 पर्यंत जातो, परंतु त्याचे काच-संक्रमण तापमान (ज्यावर काचेसारखा घट्ट थर मऊ होऊ लागतो) 60 अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने त्याचा थर उष्णतेत तग धरत नाही.

केवळ या दोन आकड्यांवर रेणू निवडणे मला लवकरच अपुरे वाटू लागले. थरात दोन ट्रिपलेट एकत्र आले, किंवा ट्रिपलेटची गाठ एखाद्या प्रभाराशी पडली, तर एकाच रेणूवर 5 इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जा एकवटू शकते आणि अशा होस्टमधील कार्बाझोल या वलयी गटाचा नायट्रोजन व शेजारच्या फेनिल वलयाचा कार्बन यांमधला बंध तुटण्यास तेवढी पुरते. त्यातही रेणूने जादा इलेक्ट्रॉन घेतलेला असेल, तर हा बंध फारच दुबळा होतो, कारण तुटून निघणारा कार्बाझोलचा ऋण आयन स्थिर असतो. म्हणून प्रत्येक रेणूची बंध-विच्छेदन ऊर्जा मी ऋण अवस्थेतही काढू लागले; माझ्या मते संपूर्ण कामात हीच पायरी निर्णायक आहे.

इलेक्ट्रॉन कार्बाझोलवर न बसता ट्रायाझिन या इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या वलयावर राहावा, अशी रचना मी निवडली. दोन्ही गट पॅरा (वलयावर समोरासमोरच्या) स्थानांतून जोडले की संयुग्मन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा गटांमधला पसारा, वाढून ट्रिपलेट ऊर्जा घसरते, त्यामुळे जोडणी मेटा (वलयावर एक सोडून पुढच्या) स्थानातून केली. पोकळ्या (धन प्रभार) वाहण्याचे काम बायकार्बाझोलच्या (दोन कार्बाझोल जोडलेल्या) दुसऱ्या होस्टकडे सोपवल्याने इलेक्ट्रॉन व पोकळ्यांच्या पुनर्संयोगाचा पट्टा रुंदावला आणि ट्रिपलेटची दाटी कमी झाली.

शुद्धीकरणाला संश्लेषणापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा, कारण गट एकमेकांना जोडणाऱ्या युग्मन अभिक्रियेतून उरलेले ब्रोमिनयुक्त अंश अत्यल्प असले तरी उपकरणाचे आयुष्य खातात. निर्वातातील संप्लवन (घनाची थेट वाफ करून ती पुन्हा घन करणे) म्हणूनच पुन्हा पुन्हा केले.

चाचणीत 1000 कँडेला प्रति चौरस मीटरपासून सुरुवात करून, स्थिर विद्युतप्रवाहावर तेज 95 टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजला. निर्वात कक्षातील पाण्याच्या अंशानेही हा काळ बदलत असल्याने प्रत्येक खेपेत जुन्या होस्टचे उपकरण सोबत बनवले. मेटा जोडणीचा रेणू त्याच्याहून स्पष्टपणे जास्त टिकला. हिरव्याच्या आयुष्यापासून निळा अजून दूर असल्याने, याच रेणूतील हायड्रोजनच्या जागी त्याचा जड समस्थानिक ड्युटेरियम बसवण्याचे काम सध्या सुरू आहे.