आगोटीत आता करवंट्याही

आमच्याकडे आगोट म्हणजे सुकी मासळी, कोकम, मीठ, कांदे आणि चुलीचा लाकूडफाटा. पावसाआधी घरात आलं तेवढंच चार महिने आपलं. आता त्यात पंचवीस पोती जादा भरतो: करवंट्या आणि झावळ्यांच्या जाड देठांचे तुकडे. वीज गेली की त्यांच्यावर विहिरीचा पंप आणि घरातले दिवे चालतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यावरून गेलं. वाडीतले निम्म्याहून जास्त माड आणि जवळजवळ सगळ्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. घरात पुन्हा दिवा लागायला महिना उलटला. विहीर दारात, पंप विहिरीवर, आणि पाणी मात्र पोहऱ्याने शेंदायचं. "वहिनी, एवढं सरपण पडलंय आणि आपण काळोखात बसलोय," दीर म्हणाले. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. ती गोष्ट त्यांनी डोक्यातून काढलीच नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी सरपणाचा गॅस करून त्यावर जनरेटर चालवायला जाड पत्र्याचं उभं पिंप तयार केलं. वरून तुकडे भरायचे, मध्ये बाजूच्या नळ्यांतून मोजकीच हवा सोडायची, गॅस खालून ओढून घ्यायचा. हवा अपुरी असल्याने लाकूड पुरतं जळत नाही, त्याचा जळाऊ वायू होतो: साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, जवळपास तेवढाच हायड्रोजन, आणि निम्मा नुसता नायट्रोजन. म्हणून पेट्रोलवर चार किलोवॅट देणारा आमचा जुना जनरेटर या गॅसवर जेमतेम दोन देतो. पण तेवढ्यात आमचं भागतं.

खरं वैर डांबराशी, म्हणजे लाकडाच्या धुरातल्या काळ्या चिकट्याशी. गॅस तळातल्या लालबुंद कोळशातून नीट गेला तर डांबर तिथेच मोडतं, नाही तर थेट इंजिनात जाऊन बसतं. पहिल्या मोसमात व्हॉल्व्ह असा चिकटला की भावोजींना अख्खं इंजिन खोलावं लागलं. आता थंड करायच्या पाइपापुढे काथ्या ठासलेला डबा आहे. तो काळा झाला की काथ्या बदलते मी. काथ्याला वाडीत काय तोटा! इंजिन जोडण्याआधी पाइपाच्या तोंडाशी काडी लावून बघतो. आधी पांढरा धूर, मग फुरफुरणारी पिवळी ज्योत. ती गुलाबीसर निळी होऊन स्थिर झाली, की मगच झडप फिरवायची.

एकदा पावसात भिजू नये म्हणून पिंप पडवीत घेतलं. अर्ध्या तासात दोघांचंही डोकं ठणकायला लागलं, मला उभं राहवेना. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुणी हे करणार असेल तर हात जोडून सांगते, चारी बाजूंनी उघड्या मांडवातच ठेवा.

जळण फुकट, असं लोक म्हणतात. आमच्या मोजणीत एका युनिटला दीड किलो करवंट्या लागतात, म्हणजे दहा-बारा नारळांच्या. पण आमचा बहुतेक नारळ करवंटीसकट बाजारात जातो! वाडीत मागे राहतात त्या झावळ्या, माडामागे महिन्याला एखादी. पाती पिंपात आडवी अडकून पूल धरतात आणि वरचं जळण खाली सरकत नाही, सोडणांच्या म्हणजे नारळाच्या वरच्या सालींच्या राखेचे वितळून खडे होतात, म्हणून फक्त देठ घेतो. बिहारमध्ये पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावी २००७ मध्ये भाताच्या तुसावर अशीच वीज सुरू झाली. तूस गिरणीतून एकसारखा आणि बऱ्यापैकी सुका येतो. आमचा प्रत्येक तुकडा कोयत्याखालून जातो आणि खळ्यात उन्हं खातो. मोडताना कट्‌कन आवाज आला तरच पोत्यात.

२०२५ ला मे संपायच्या आतच पाऊस उतरला आणि नऊ पोती ओली राहिली, तीही गणपतीत लागणारी. यंदा शिमग्याची पालखी घरून गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेऊन खळ्यात बसले.