बापाच्या छातीवर

आज धुळ्यात नवजात अतिदक्षता कक्षाबाहेर साक्रीकडच्या एका आजींनी हात घट्ट धरला. "मन्हा नातू जगी ना वं ताई?" बाळ गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यातच जन्मलेलं, वजन १४०० ग्रॅम.

अशा वेळी 'सगळं नीट होईल' हे मला म्हणवत नाही. मॉनिटर का वाजतो, दूध नळीनं का देतात, हे समजावलं. इतक्या लवकर आलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही. आईचा चीक मात्र थेंबभरही मोलाचा.

आई सिझेरियन होऊन वॉर्डात. म्हणून सिस्टरांनी बाळाच्या बापाला शर्ट काढायला लावला आणि बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास सांगते. 'गड्यानं पोर धरायचं?' म्हणणाऱ्या आजीच नंतर त्याला हलू नको म्हणून दटावत होत्या!

तुमच्या नात्यात कुणाचं बाळ असं काचेच्या पेटीत असेल, तर फोनवर वजन विचारू नका. बाहेर बसलेल्यांसाठी डबा घेऊन जा. रात्री एखाद्याला घरी झोपायला पाठवा, तुम्ही थांबा.