साओ पावलोतली इलेक्शन ड्यूटी आणि त्या आजी

माझे बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे इलेक्शन ड्यूटी म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलेलं. लग्नानंतर मी ब्राझीलला आले, पुढे इथलं नागरिकत्व घेतलं, आणि मग मलाही ड्यूटी लागली. इथे मतदान केंद्रावर ड्यूटी करणाऱ्या लोकांना मेझारिओ म्हणतात आणि ते सरकारी नोकर असतात असं काही नाही, तुमच्या आमच्यासारख्या साध्या मतदारांनाच बोलावणं येतं. एका दिवसाच्या बदल्यात ऑफिसातून दोन दिवसांची भरपगारी सुट्टी मिळते.

६ ऑक्टोबर २०२४, साओ पावलोच्या महापौरपदाची पहिली फेरी. इथला महापौर आपल्या मुंबईसारखा शोभेचा नाही, लोक त्याला थेट निवडून देतात आणि शहराचा कारभार खरोखर त्याच्या हातात असतो. मतदार त्र्याण्णव लाखांवर. प्रचार कसला झाला ते विचारू नका. टीव्हीवरच्या डिबेटमध्ये दातेना या उमेदवाराने पाब्लो मार्सल या दुसऱ्या उमेदवाराला खुर्ची फेकून मारली, पुढच्या डिबेटला खुर्च्या जमिनीला स्क्रूने आवळल्या होत्या. आणि मतदानाच्या दोन दिवस आधी मार्सलने डाव्यांचा उमेदवार बोलुस याच्याविरुद्ध एक खोटा मेडिकल रिपोर्ट सोशल मीडियावर टाकला, त्यावर सही कोणाची, तर वारलेल्या डॉक्टरची! म्हणजे माणसं केंद्रावर आली ती आधीच तापलेली.

सकाळी सातला शाळेत पोचलो तर फाटकाबाहेर रस्ता दिसत नव्हता, सगळीकडे उमेदवारांचे फोटो आणि नंबर छापलेले चिटोरे. रात्रीतून ओतून जातात, बेकायदेशीर आहे, तरी दर वेळी तेच. पावसात त्यावरून म्हातारी माणसं घसरून पडतात याची कोणत्याच पक्षाला पडलेली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

त्या चिटोऱ्यांना एवढं महत्त्व का, तर इथल्या मशीनवर उमेदवारांची यादीच नसते. फोनसारखे आकडे असतात. आधी नगरसेवकाचा पाच आकडी नंबर, मग महापौराचा दोन आकडी, फोटो आला की हिरवं बटण. चुकलं तर नारिंगी, कोणीच नको तर पांढरं. त्यामुळे नंबर लिहिलेला कागद आत न्यायला पूर्ण परवानगी आहे, फोन मात्र आमच्या टेबलावर ठेवूनच आत जायचं. आठ वाजायच्या आत मशीनमधून सगळ्यांना शून्य मतं असल्याची लांबलचक पट्टी काढून त्यावर सह्या करायच्या. हे काम मला फार आवडतं.

दुपारी एक आजी आल्या, बरोबर पन्नाशीचा मुलगा, डोक्यावर मार्सलची ती एम अक्षराची टोपी. टोपी चालते, गप्प राहून पसंती दाखवायला बंदी नाही. ओळख पटवायला आजींचं बोट मी ठसे वाचणाऱ्या रीडरवर ठेवलं, मशीनने घेतलं नाही. पुसून पुन्हा, दुसरं बोट, पुन्हा, चारही वेळा नकार. त्यांची बोटं मी हातात धरली होती म्हणून सांगते, टोकं अगदी गुळगुळीत झालेली. आयुष्यभर लोकांच्या घरचे कपडे धुतले, असं त्या स्वतःच म्हणाल्या. अशा वेळी जन्मसाल विचारायचं असतं. मुलगा पटकन म्हणाला १९४८, आणि त्याच दमात आजी म्हणाल्या, "कागदावर १९४६ आहे." मी १९४६ टाकलं, जुळलं. वहीत त्यांनी सही केली, हळूहळू, पण केली.

मग मुलगा म्हणाला मी आत जाणार, तिला दिसत नाही.

आता नियम असा आहे की अपंग मतदाराला विश्वासातलं माणूस आत नेता येतं, ते माणूस बटणंसुद्धा दाबू शकतं, फक्त ते निवडणूक यंत्रणेचं किंवा पक्षाचं नसावं आणि इतिवृत्तात नोंद व्हावी. पण नुसतं वय झालंय किंवा लिहितावाचता येत नाही म्हणून नाही. मदत खरंच लागतेय का ते केंद्राध्यक्षाने ठरवायचं. आमचा केंद्राध्यक्ष बँकेतला तरुण मुलगा, नियम तोंडपाठ, पण रांग वाढली की त्याचा धीर सुटतो. त्याने आजींना विचारलं, मुलगा आत यायला हवाय का? आजींनी मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तो म्हणेल तसं."

मी अजून त्या उत्तरावरच अडकलेय. हे हो आहे का नाही?

आमच्या सामानात हेडफोन आलेले, सकाळपासून खोक्यातच पडून होते. मी म्हटलं आधी हे देऊन बघू, नाहीच जमलं तर मुलाला जाऊ दे. मशीनच्या पाचच्या बटणावर उंचवटा असतो, ब्रेलही असते, आमच्या टेबलावरच्या टर्मिनलवरून आवाज चालू केला की दाबलेला आकडा आणि उमेदवाराचं नाव कानात ऐकू येतं. मी आजींचं बोट रिकाम्या टेबलावर ठेवून दाखवलं, हा पाच, वर दोन, खाली आठ. त्यांनी मान डोलावली. मुलगा चिडला, रांगेतले लोक त्याच्याहून जास्त चिडले, एक बाई तर ओरडलीच की म्हातारीला कशाला छळता. लोकांना मताची गुप्तता हवी असते ती स्वतःपुरती, दुसऱ्याच्या गुप्ततेला पाच मिनिटं गेली की लगेच जीव वर येतो.

बराच वेळ लागला. मग मतदान संपल्याचा तो लांब आवाज आला आणि आजी बाहेर आल्या. मुलाने सगळ्यांदेखत विचारलं, "२८ टाकलंस ना?" २८ म्हणजे मार्सलचा नंबर. त्या म्हणाल्या, "टाकलं की रे," आणि चष्मा पर्समध्ये ठेवला.

प्रचाराचे कागद राहिलेत का हे बघायला मी मध्ये मध्ये आत जायचेच, तशी गेले. मशीनशेजारी मुलाने दिलेला कागद होता, घडी तशीच. आता २८ लक्षात ठेवणं सोपं आहे, पण नगरसेवकाचा पाच आकडी नंबर? पाठ असेल. किंवा नुसतंच २८ टाकलं असेल, तसं केलं तर मत पक्षाला जातं. किंवा काहीतरी वेगळंच. मला ते कळायला नकोच आहे आणि कळणारही नाही, मला सतावतं ते वेगळंच. पडद्याआड मी त्यांना एकटीला पाठवलं, पण घरी त्या मुलाच्याच गाडीतून जाणार होत्या. तिथे काय बोलणं झालं असेल? आणि मुलगा वाईट होता असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही, सत्तरीपुढे मतदान सक्तीचं नाही, तरी तो रविवारी आईला धरून घेऊन आला होता.

संध्याकाळी निकाल लागला. तेव्हाचे महापौर नुनिस २९.४८ टक्के, बोलुस २९.०७, मार्सल २८.१४. तिघांत इतकंच अंतर, पण दुसऱ्या फेरीत पहिले दोघंच जातात, मार्सल बाहेर. २७ ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत नुनिस ५९.३५ टक्क्यांनी जिंकले, आणि शहरातल्या ३१.५४ टक्के मतदारांनी मतच दिलं नाही. त्यात या आजीही. मी पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत होते, त्या आल्या नाहीत. आजारी असतील, मुलाचा उमेदवार नव्हता म्हणून त्याने आणलं नसेल, किंवा त्यांना त्या प्रश्नाला पुन्हा तोंड द्यायचं नसेल.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आमच्याकडे सोबतच्या माणसाकडून गुप्तता पाळीन असं लिहून घेतात, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस. पण माझं म्हणणं, विचारण्याची पद्धतच चूक आहे. मुलगा शेजारी उभा असताना आईला विचारायचं की हा हवाय का, तर ती दुसरं काय म्हणणार? २०२६ च्या ऑक्टोबरच्या निवडणुकीला बोलावणं आलं तर मी केंद्राध्यक्षाला सकाळीच सांगणार आहे, हेडफोन खोक्यातून काढून टेबलावर ठेवायचे, आणि हा प्रश्न सोबतच्या माणसाला आधी चार पावलं लांब करून मगच विचारायचा.